विमानाचा फेरफार

नागपूर रस्त्यानं अमरावतीतून निघालं की शहर संपतं न संपतं तोच नांदगाव पेठ लागतं. औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने, औष्णिक वीज केंद्र, टोलनाका, आणि या सगळ्यांतून वाट काढत आपापल्या वावरात जाणारी माणसं. विमानतळ इथून शहराच्या पलीकडच्या अंगाला, बेलोऱ्याला. तिथं १६ एप्रिल २०२५ला मुंबईचं प्रवासी विमान सुरू झालं तेव्हा गावात दोन दिवस तोच विषय होता. पण त्याच्याही आधीपासून नांदगाव पेठेतून रोज रात्री जेवणं आटोपल्यावर एक एअरबस ए-३२० उडते, हे फारसं कोणाला माहीत नाही. ती माझ्या बहिणीच्या घरून, माडीवरच्या खोलीतून उडते. तिचे कप्तान बहात्तर वर्षांचे आहेत, महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेत आणि आयुष्यात एकदाही विमानात बसलेले नाहीत.

हे भावजींचे थोरले बंधू. भाचा त्यांना मोठे बाबा म्हणतो, म्हणून सगळं घर म्हणतं, मीही म्हणतो.

विमान आणलं मात्र भाच्यानं. संगणकावर विमान उडवायचा हा खेळ मायक्रोसॉफ्टनं १९८२मध्ये पहिल्यांदा बाजारात आणला तेव्हा पडद्यावर काही रेघा आणि एक क्षितिज, एवढाच मामला होता. २०२०च्या आवृत्तीत उपग्रहाच्या छायाचित्रांवरून अख्खी पृथ्वी भरली आहे. अख्खी म्हटल्यावर नांदगाव पेठही आलंच. भाच्यानं पहिल्याच दिवशी विमान स्वतःच्या घरावरून नेलं आणि ताईला हाका मारून दाखवलं. ताईनं गच्चीवरची पाण्याची टाकी शोधली. टाकी नव्हती. त्याऐवजी संगणकानं अंगणात स्वतःच्या मनानं एक डेरेदार झाड उभं केलं होतं. मागून मोठ्या बाबांचा आवाज आला, "कागदावरचं वृक्षारोपण! हे तं आपल्याकडंबी होते."

छोटी विमानं भाचा हातानं छान उडवायचा. दांडा ओढला की वर, ढकलला की खाली. मग त्याला वाटलं, आता मोठं विमान. फुकट मिळणारं एक बारीक कलाकुसरीचं एअरबस त्यानं उतरवून घेतलं, दार लावलं, कानाला हेडफोन लावला, आणि आठ दिवस ते विमान नागपूरच्या फलाटावरून हललं नाही. पडदे काळे. बटणं शेकडो. इंजिन चालू झालं तर जायचं कुठं ते कळेना, आणि कुठं जायचं ते सांगायला गेलं की यंत्र उलट उत्तर देई.

उलट उत्तर देणारं ते यंत्र म्हणजे एक डब्बा, विमानाला वाट सांगणाऱ्या उड्डाण-व्यवस्थापन यंत्रणेची खिडकी. दोन वैमानिकांच्या मधे गुडघ्याशी, पाटीएवढा पडदा आणि खाली कळफलक. कळफलकावरची अक्षरं मोबाइलसारखी नाहीत, सरळ ए-बी-सी-डी अशा क्रमानं. पडद्यावर रकाने. जो रकाना भरल्याशिवाय गत्यंतर नाही तिथं भगव्या रंगाच्या रिकाम्या चौकटी. चुकीचं काही लिहिलं की खाली ओळ येते : 'फॉरमॅट एरर'. भलत्या जागी लिहिलं की 'नॉट अलाउड'. त्याला ठाऊक नसलेलं नाव लिहिलं की 'नॉट इन डेटाबेस'. का चुकलं, कुठं चुकलं, कोणाला भेटायचं, याबद्दल अवाक्षर नाही.

मोठे बाबा सुपारी कातरत दाराशी उभे होते. पाच मिनिटं त्यांनी पाहिलं. मग ज्या सुरात माणूस परगावी अचानक भेटलेल्या नातेवाइकाला ओळखतो त्या सुरात म्हणाले, "अबे, हे तं तहसील हाय!"

त्या रात्रीपासून भाचा उपवैमानिक झाला.

मला हे सगळं मागाहून कळलं, आणि अर्थात मी हसलो. पण माडीवर बसून पाहिल्यावर पटलं की बहुतेकांचा गैरसमज आहे. आपल्याला वाटतं, प्रवासी विमान चालवायला गरुडाची नजर आणि पोलादी मनगट लागतं. लागत असेल, वादळाबिदळात. एरवी जे लागतं ते म्हणजे अर्ज भरायची खोड. योग्य रकान्यात योग्य मजकूर, योग्य क्रमानं, खाडाखोड न करता. भाचा व्हिडिओ बघून बघून वैमानिक व्हायला निघाला होता. मोठे बाबा पस्तीस वर्षं सातबारा लिहून झालेले होते.

पहिला रकाना : कुठून, कुठं. इथं नागपूर-मुंबई असं लिहून चालत नाही. नागपूर म्हणजे 'व्हीएएनपी', मुंबई म्हणजे 'व्हीएबीबी'. भाचा म्हणाला, हे चार अक्षरी सांकेतिक नाव आहे. मोठे बाबा म्हणाले, "गट नंबर म्हण ना."

मग विमानाला स्वतःचा ठावठिकाणा कळावा लागतो. त्यासाठी त्याच्या पोटात तीन जडत्व-मापक यंत्रं असतात. ती सुरू केली की विमानानं सुमारे दहा मिनिटं जागचं हलायचं नाही. पृथ्वी फिरते ते मोजून यंत्रं उत्तर दिशा कोणती ते ठरवतात. भाच्याला ही दहा मिनिटं सहन होत नसत. खेळात ती एका बटणानं टाळायची सोय आहे, ती तो वापरायचा. मोठ्या बाबांनी ती बंद केली. "मोजणीच्या वक्ती कोणी इकडंतिकडं हलत नसते," ते म्हणाले आणि खाली जाऊन पाणी पिऊन आले. तीन यंत्रं का, असं त्यांनी विचारलं. भाच्यानं सांगितलं, एकाचं चुकलं तर उरलेल्या दोघांचं जुळतं, त्यावरून खोटा कळतो. मोठे बाबा बराच वेळ मान हलवत होते. "पंच," ते शेवटी म्हणाले. "पंचनामा एकट्याचा नसतेच."

लिहायची पद्धतही त्यांना आवडली. जे लिहायचं ते आधी पडद्याच्या तळच्या ओळीत लिहायचं. मग ज्या रकान्यात घालायचं त्याच्या शेजारचं बटण दाबायचं की मजकूर उडी मारून तिथं बसतो. आधी कच्चं, मग पक्कं. मार्गात बदल केला तर तो लगेच लागू होत नाही. पिवळ्या तुटक रेघेत तात्पुरता दिसतो. वैमानिक 'इन्सर्ट' म्हणेपर्यंत विमान जुन्याच हिरव्या रेघेवरून जातं. पटवाऱ्यानं फेरफार धरला म्हणजे जमीन नावावर झाली असं नाही, सर्कलनं प्रमाणित करावा लागतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पिवळी रेघ वेगळी शिकवावी लागत नाही. यंत्राच्या पोटातली विमानतळांची, वाटांची आणि टप्प्यांची माहिती जगभर दर २८ दिवसांनी नव्यानं येते, हे ऐकून मात्र ते हादरले. "दर अठ्ठावीस दिवसाले नवा सातबारा? अन् लोक गुमान घेतेत?"

'कॉस्ट इंडेक्स' नावाचा एक रकाना असतो. वेळ महाग की इंधन महाग, याचं गुणोत्तर. आकडा मोठा घातला की विमान घाई करतं, शून्य घातला की इंधन वाचवत रमतगमत जातं. मोठे बाबा कायम शून्य घालतात. पेन्शनरला घाई कसली?

एक शंका त्यांना सतावत होती. वैमानिक हात काढून बसतो, तर विमान जातं कसं? भाच्यानं लॉरेन्स स्पेरीची गोष्ट सांगितली. १८ जून १९१४. पॅरिसजवळ सीन नदीवर उडत्या यंत्रांच्या सुरक्षिततेची स्पर्धा. एकवीस वर्षांच्या या पोरानं परीक्षकांसमोरून विमान नेलं ते दोन्ही हात वर करून. पुढच्या फेरीत त्याचा मदतनीस चालत्या विमानाच्या पंखावर जाऊन उभा राहिला. तिसऱ्या फेरीत दोघंही पंखांवर, आणि चालवायच्या जागी कोणी नाही. विमान सरळ. आत बापानं, एल्मर स्पेरीनं, विकसित केलेल्या फिरत्या चाकांचं यंत्र तोल सांभाळत होतं. बक्षीस मिळालं. मोठ्या बाबांचं लक्ष बक्षिसाकडे नव्हतंच. "पोट्ट्याच्या मायनं पाह्यलं का हे?" त्यांनी विचारलं.

स्पेरीचं यंत्र विमान फक्त सरळ ठेवायचं. कुठं जायचं हे सांगणारा संगणक नंतर आला. १९८२मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७६७मध्ये तो चांगला स्थिरस्थावर झाला आणि मोठ्या विमानात मागं बसून काटे बघणारा तिसरा माणूस, फ्लाइट इंजिनिअर, हळूहळू घरी गेला. "पद रद्द झालं," मोठे बाबा हळहळले. अशा बातमीनं त्यांना अजून वाईट वाटतं. मात्र या दोन यंत्रांमधला फरक त्यांनी जसा सांगितला तसा मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही : ऑटोपायलट म्हणजे कोतवाल. इकडं जा म्हटलं की जाते, थांब म्हटलं की थांबते. डब्बा म्हणजे अव्वल कारकून. कोतवालाला कुठं धाडायचं ते तो ठरवतो. आणि वैमानिक? "साहेब. सहीपुरता. पण निलंबित तोच होते."

एअरबसमध्ये वेग, दिशा आणि उंची यांच्या फिरकीच्या खुंट्या समोरच्या पट्टीवर असतात. खुंटी आत ढकलली की ते काम संगणकाकडे गेलं. बाहेर ओढली की आपल्याकडे आलं, आता आपण फिरवू तो आकडा. यावरून माडीवर रोज वाद होतो. भाचा तरुण, त्याला सगळं ओढून स्वतःकडे घ्यायचं असतं. मोठे बाबा ढकलतात. आणि कोणी काय ढकललं, काय ओढलं, याची नोंद वैमानिकासमोरच्या पडद्याच्या माथ्यावर पाच स्तंभांत होत राहते. जे चालू आहे ते हिरव्यात, जे पुढं व्हायचं आहे ते निळ्यात, आणि जे नुकतंच बदललं त्याच्याभोवती दहा सेकंद पांढरी चौकट. खऱ्या वैमानिकांनाही शिकवतात की खुंटीवर विश्वास ठेवू नका, माथ्यावरची ओळ वाचा. तुम्ही बटण दाबलंत म्हणून यंत्रानं ऐकलं असं होत नाही. भाचा ती ओळ वाचत नाही. त्या वयात शेऱ्याचा रकाना कोण वाचतं? मोठे बाबा चष्मा वर करून फक्त तीच वाचतात, मोठ्यानं. ताई खालून विचारते, कोणाचं निधन झालं का.

तरी एक रात्र त्यांनाही शिकवून गेली. नागपूरहून निघालेलं विमान चौतीस हजार फुटांवर सुरळीत चाललं होतं. मुंबईला उतरायचं तर कुठून खाली यायला लागायचं, तो बिंदू संगणकानं आधीच काढून नकाशावर बाण मारून ठेवला होता. दोघंही निर्धास्त. बाण आला. बाण गेला. विमान खाली येईना. इगतपुरी गेली, ठाणं गेलं, खाडी गेली. तळच्या ओळीत 'डीसेलरेट' असा शब्द आला आणि पुढे अरबी समुद्र.

यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं. एअरबसमध्ये उतरायची जागा संगणक ठरवतो, पण आपण होऊन उतरायला लागत नाही. वैमानिकानं नवी, खालची उंची फिरवून द्यावी लागते आणि खुंटी ढकलावी लागते. म्हणजे हिशेब तयार, टिपणी तयार, फक्त आदेश नाही. भाचा कपाळाला हात लावून बसला. मोठ्या बाबांना मात्र हसू आवरेना. आयुष्यभर पाहिलेली गोष्ट इतक्या उंचावर भेटेल असं त्यांना वाटलं नव्हतं : "फाईल वर गेली अन् खाली येऊन नाई राह्यली!"

समुद्रावरून वळसा घालून ते शेवटी उतरले. जमीन जवळ आली की एअरबस स्वतः उंची मोजत बोलतं, पन्नास, चाळीस, तीस, वीस, आणि मग इंजिनाचा दांडा मागं घ्या अशी आठवण म्हणून 'रिटार्ड, रिटार्ड'. मोठ्या बाबांना ते 'रिटायर्ड, रिटायर्ड' असं ऐकू येतं आणि दरवेळी ते भाच्याकडे रागानं पाहतात.

यंत्रणा सांगितलं तेच करते, मनातलं करत नाही. हे त्या डब्ब्याबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, आणि ते नांदगाव पेठेतल्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. कारण याच जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर आहे, तेही तालुक्याचं ठिकाण. नाशिक जिल्ह्यात रेल्वेचं नांदगाव आहे. छत्तीसगडात राजनांदगाव. आमच्या ताईनं मागवलेला मिक्सर खंडेश्वर पाहून आलेला आहे. मोठ्या बाबांच्या नोकरीत, कोणत्या कचेरीत ते सांगत नाही, एक अनुदानाची यादी अशीच 'नांदगाव' एवढ्यावर निघाली आणि वर्षभर दुसऱ्या नांदगावात सुखानं पडून राहिली.

डब्ब्यालाही हा घोळ माहीत आहे. एकाच नावाचे अनेक टप्पे जगात असतात. नाव लिहिलं की तो सगळ्यांची यादी समोर ठेवतो, साधारणपणे जवळचं आधी, आणि विचारतो, कोणतं? भाचा न वाचता पहिलं उचलायचा. मोठ्या बाबांनी त्याला थांबवलं, तेव्हा भाच्यानंच त्यांना कॅलीची हकिगत सांगितली.

२० डिसेंबर १९९५. अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७ मायामीहून कोलंबियातल्या कॅलीकडे येत होतं. रात्र, अरुंद दरी, दोन्हीकडे डोंगर. वैमानिकांना रोझो नावाच्या रेडिओ-खुणेकडे जायचं होतं. नकाशावर तिचं अक्षर 'आर'. त्यांनी 'आर' लिहिलं. पण संगणकाच्या दप्तरात 'आर' म्हटलं की पहिली येत होती बोगोटाजवळची रोमिओ नावाची खूण, शंभराहून अधिक मैल दूर. रोझोसाठी पूर्ण नाव लिहायला हवं होतं. मंजुरीचं बटण दाबलं गेलं. विमान आज्ञाधारकपणे डावीकडे, बोगोटाच्या दिशेनं वळलं. चूक लक्षात येऊन परत फिरेपर्यंत डोंगर आला होता. १६३ जणांपैकी चार वाचले.

मोठे बाबा काही बोलले नाहीत. सुपारी बाजूला ठेवली. मग एकच विचारलं, "दुसरा होता ना बाजूले? त्यानं वाचलं नाई?"

तेव्हापासून माडीवर नियम आहे. भाचा लिहितो आणि नाव पूर्ण उच्चारून वाचतो. मोठे बाबा नकाशावर रेघ कुठं वळते ते पाहतात. वळण पटलं तर म्हणतात, "मंजूर". मगच बटण. खऱ्या विमानातही नियम असाच आहे, एकानं भरायचं, दुसऱ्यानं पडताळायचं. हे कळल्यावर त्यांना आनंद झाला नाही, आश्चर्यही वाटलं नाही. त्यांना वाटलं, असायलाच पाहिजे.

त्यांची खरी इच्छा एअरबस बेलोऱ्याला उतरवायची आहे. धावपट्टी १८५० मीटर. भाचा म्हणतो, भरलेल्या ए-३२०साठी ती आखूडच. तिथं पंखेवालं एटीआर ७२ येतं ते उगीच नाही. मोठे बाबा एटीआरकडे एसटीची साधी गाडी पाहावं तसं पाहतात. बेलोऱ्याला एअर इंडियानं वैमानिक शिकवायची शाळा जाहीर केली, ३४ विमानांची मागणी नोंदवली, त्यातली ३१ एका इंजिनाची पायपर आहेत, हे भाच्यानं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, त्यात डब्बा असतो का. भाचा म्हणाला, असा नाही. म्हणजे पोरांना आधी हातानं चालवायला शिकवतात, हे ऐकून त्यांनी भाच्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा छोट्या विमानात बसवलं. स्वतः बसले नाहीत. त्यांची मोजणीची साखळी ओढून झाली आहे, असं त्यांचं म्हणणं.

सध्या एक नवं प्रकरण उपस्थित झालं आहे. डब्ब्यात वैमानिकाला स्वतःचा टप्पा घालता येतो. अक्षांश-रेखांश द्यायचे, वर आखूडसं नाव द्यायचं. मोठ्या बाबांनी घराचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरून काढले, भाच्याकडून दोनदा वाचून घेतले आणि नांदगाव पेठ नकाशावर आणलं. हवाई वाटांवरच्या टप्प्यांची नावं पाच अक्षरांची असतात म्हणून आपलंही तसंच हवं. भाच्यानं इंग्रजीत 'नांद' लिहून पुढे 'जी' जोडला. मोठ्या बाबांनी तो जागीच फेटाळला, हे खंडेश्वरवाले उद्या आपलं म्हणून सांगतील. बरीच भवती न भवती होऊन आधी 'पेठ' आणि शेवटी 'एन', असं ठरलं. आता नागपूर-मुंबई विमान रोज आधी घरावरून जातं. ताईला अंगणातल्या त्या खोट्या झाडाची सवय झाली आहे.

पण ही बातमी फुटली. भाच्याच्या आत्याचे यजमान खंडेश्वरचे. दिवाळीला आले तेव्हा माडीवर चढले, सगळं पाहिलं आणि म्हणाले, "आमचंबी नांदगाव टाका ना यात. दोन मिनिटाचं तं काम हाय." भाचा टाइप करायला लागलाही होता. मोठ्या बाबांनी त्याचा हात धरला, चष्मा पुसला आणि तीन दशकांच्या सवयीनं, पाहुण्यांकडे न बघता म्हणाले,

"अर्ज द्या. संग आधार कार्डाची झेरॉक्स. पंधरा दिवस नोटीस लागते, कोणाची हरकत नसली तं पाहू."